बाकड्याचं पापलेट

बर दुबईत, मीना बझारच्या मागे दोन गल्ल्या सोडून, एकाच कंपनीच्या तीन इमारती आहेत आणि त्यांच्या मधोमध वाळूचा एक मोकळा तुकडा आहे. त्या तुकड्याला सिमेंटची बुटकी कड आहे. तिच्यावर गुणवंत आगाशे गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी सहाला येऊन बसायचा. शेजारी याकूबभाई बसायचे. मग गुणवंत बोलायचा आणि याकूबभाई ऐकायचे, असा एकंदर व्यवहार होता.

गुणवंत मूळचा पुण्याचा, एका फ्रेट म्हणजे मालवाहतुकीच्या कंपनीत डॉक्युमेंटेशन मॅनेजर. त्याला बोलल्याशिवाय अन्न पचत नसे. ऑफिसात तो बोलायला लागला की माणसं कानात हेडफोन घालत. घरी बायको विभावरी त्याला 'हं' म्हणून वाटेला लावी, आणि मुलगी वैभवी म्हणे, "बाबा, कॅन यू जस्ट टेक्स्ट मी?" अख्ख्या अमिरातीत त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे दाभोळचे याकूबभाई. त्यांनी शारजाच्या औद्योगिक भागात तीस वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवलं होतं. तिथल्या ठोकाठोकीत सवय झाली असल्यामुळे गुणवंतचा आवाज त्यांना मधुर वाटत असावा.

मग याकूबभाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिन्याभराने ते काठी टेकत खाली आले, मोठ्या हौसेने कडेवर बसले, आणि तासाभराने उठायला गेले तर उठता येईना. कड पडली बुटकी. गुणवंतने एक बगल धरली, वॉचमनने दुसरी, आणि बिर्याणी पोचवायला आलेल्या एका बाइकवाल्याने, त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी, मागून जोर लावला. याकूबभाई उठले खरे, पण त्या दिवसापासून त्यांनी खाली येणं बंद केलं.

गुणवंतने दुसऱ्या दिवशी घरातली प्लास्टिकची खुर्ची खाली नेली. कंपनीच्या सिक्युरिटीने ती उचलली आणि लिफ्टमध्ये सूचना लावली की सार्वजनिक जागेत खाजगी फर्निचर ठेवू नये. याकूबभाईंच्या घरी जाऊन बसावं, तर तिथे त्यांच्या बायकोची, शहनाझभाभींची, मालिका चालू. शिवाय आतल्या स्वयंपाकघरात बहुतेक वेळा विभावरीच बसलेली असे. ज्या बायकोबद्दल बोलायचं, तीच आत बसून कान देत असेल तर माणसाने बोलायचं काय?

त्यात याकूबभाईंचा मुलगा यहया अबुधाबीहून रोज फोन करू लागला. "अब्बा, माझ्याकडे या. तळमजल्याचा व्हिला आहे, बाग आहे, जिना नाही." याकूबभाई "बघू" म्हणाले. हे 'बघू' शहनाझभाभींनी गुणवंतला सांगितलं आणि त्याने मनातल्या मनात रस्ता मोजला. अबुधाबी काही लंडन नव्हे, गाडीने दीड तासाचा रस्ता. पण रोज संध्याकाळी सहाला कोण दीड तास जाणार, आणि परतीच्या ट्रॅफिकचं कोण बघणार? याकूबभाई गेले तर आपण मुके होऊ, अशी त्याला खरोखर भीती वाटली.

नेमक्या त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये दुसरी सूचना लागली. वाळूच्या तुकड्याचं काय करावं हे कंपनी रहिवाशांना विचारणार होती. इन्स्टाग्रामवर त्या जागेचा फोटो टाकलाय, खाली कॉमेंट करा, ज्या सूचनेवर सर्वांत जास्त चर्चा होईल तिचा आधी विचार होईल.

गुणवंतने वैभवीला पकडून अकाउंट उघडून घेतलं आणि रात्री जेवण झाल्यावर कॉमेंट लिहायला बसला. 'आदरणीय महोदय, आपल्या उपरोक्त पोस्टच्या संदर्भात' अशी इंग्रजीत सुरुवात करून त्याने चार परिच्छेद लिहिले. चौथ्या परिच्छेदात पुण्याच्या बागांमधल्या बाकड्यांचा इतिहास आला. इन्स्टाग्रामने ते सगळं घ्यायला साफ नकार दिला.

"बाबा, इट्स नॉट अ कव्हरिंग लेटर," वैभवी म्हणाली. "वन लाइन. मॅक्स."

मन घट्ट करून गुणवंतने एक ओळ लिहिली: पाठ आणि हात असलेलं, उठताना धरता येईल असं एक बाकडं हवं. दोन लाइक आले. त्यातला एक त्याचा स्वतःचा होता आणि दुसरा याकूबभाईंचा. वरच्या कॉमेंटमध्ये कुणी झैद नावाच्या पोराने पॅडल कोर्ट, म्हणजे टेनिससारख्या एका खेळाचं छोटं मैदान, मागितलं होतं आणि तिथे तीनशे लोक येऊन टाळ्या वाजवून गेले होते.

गुणवंतने हत्यार उपसलं. तिन्ही इमारतींतल्या मराठी माणसांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात त्याने कळकळीचं आवाहन केलं की सर्वांनी माझ्या कॉमेंटखाली येऊन पाठिंबा द्यावा. आवाहनावर हात जोडलेली चित्रं ढिगाने आली, पण प्रत्यक्ष इन्स्टाग्रामवर आठ माणसं गेली. आठांनीही 'अनुमोदन' एवढंच लिहिलं. नववी गेली ती हाफिजा.

हाफिजा समोरच्या इमारतीतली, श्रीवर्धनची. तिने लिहिलं, 'बाकड्याला माझा पाठिंबा. शहनाझभाभी, काल तुम्ही कालवण पाठवलं त्यात चिंच होती की आमसूल?'

आता हा प्रश्न फोनवर विचारता आला असता. जिना उतरून दारात जाऊनही विचारता आला असता. पण हाफिजाचा हात त्या वेळी तिथे होता, तिने तिथे विचारला. शहनाझभाभींनी लगेच उत्तर दिलं, 'आमसूल. चिंच कोण घालतं?'

चिंच कोण घालतं, हे दुपारपर्यंत सगळ्या आखाताला कळलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा अशा रायगडच्या बायका चिंचेच्या बाजूने धावून आल्या. आमसुलाच्या बाजूने रत्नागिरी उभी राहिली. कुणीतरी मालवणहून त्रिफळं, ती माशात घालायची मसाल्याची फळं, घेऊन आलं. मस्कतहून एक बाई, कुवेतहून दोन, आणि नैरोबीहून एक गृहस्थ उतरले, ज्यांना बर दुबई कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. 'सुरमई इथे पस्तीस दिरहॅम किलो, म्हणजे साडेआठशे रुपये, एवढे मोजून वर चिंच घालायची?' असं एकीने विचारलं, आणि तिच्या अंगावर वीस जणी गेल्या. हे सगळं गुणवंतच्या बाकड्याच्या कॉमेंटखाली चाललं होतं.

गुणवंत जन्माचा शाकाहारी. त्याच्या घरात अंडंसुद्धा वैभवीच्या प्रोटीनच्या नावाखाली, मान खाली घालून आलं होतं. त्याने दोनदा लिहिलं, 'कृपया चर्चा बाकड्यापुरती मर्यादित ठेवावी.' नैरोबीच्या गृहस्थांनी त्याला 'तुम्ही मध्ये बोलू नका' असं कळवलं. आणि संध्याकाळी ऑफिसातून येताना त्याने फोन उघडला, तर खुद्द विभावरीची कॉमेंट समोर आली. बांगड्याच्या तिखल्यात त्रिफळं नुसती ठेचून टाकायची, वाटायची नाहीत, असं तिचं ठाम मत होतं. खाली पुरावाही जोडला होता: 'मागच्या मंगळवारी शहनाझभाभींकडे केलं तेव्हा मी चार घास जास्त जेवले.'

विभावरी माहेरची गिरगावातली, मासे खाणाऱ्या घरातली. लग्नानंतर तिने 'माझं सुटलं ते' असं सांगितलं होतं आणि गुणवंतने ते सोळा वर्षं धरून ठेवलं होतं. सुटलेलं एकवेळ परत धरलं असेल, पण मंगळवारी?

"मंगळवारी माझा उपास नसतो," विभावरी शांतपणे म्हणाली. "तुझा असतो. आणि मासा काही तुझ्या ताटात आला नव्हता, मग एवढा काय घाबरतोस?"

गुणवंत तडक याकूबभाईंकडे गेला. आज मालिका बंद होती, कारण शहनाझभाभी आत फोनवर लढत होत्या. याकूबभाई पाय लांब करून पलंगावर बसले होते आणि मोबाइल पाहून एकटेच हसत होते.

"याकूबभाई, वाट लागली," गुणवंत म्हणाला. "माझं बाकडं त्या बायकांनी कालवणात बुडवलं."

"अरे, आकडा तर बघ," याकूबभाई म्हणाले. "पॅडलवाल्याच्या तिप्पट चर्चा तुझ्याखाली. त्यांनी काय लिहिलंय? सर्वांत जास्त चर्चा होईल त्याचा आधी विचार. ती कशाची, ते कुठे लिहिलंय? दुकानात भांडण झालं तरी बाहेरच्याला गर्दीच दिसते, हबीबी."

गुणवंतने आकडा पाहिला. डॉक्युमेंटेशनच्या माणसाला ही पळवाट आवडली. नियमात बसत होती. पण दुसऱ्या दिवशी भांडण जरा निवलं आणि तिकडे झैदने कॉलेजची पोरं आणली. गुणवंत कासावीस होऊन पुन्हा वर आला.

"आता आग विझतेय. काय करायचं?"

याकूबभाईंनी जरा विचार केला. "लिही. कोलंबीत बटाटा घालावा का?"

"घालतात?"

"ते तुला कशाला? तू लिही."

गुणवंतने लिहिलं, पाठवलं, आणि दोघे दम धरून बसले. पाच मिनिटांनी आतून शहनाझभाभींची किंकाळी ऐकू आली. मग रोजचंच झालं. सहा वाजले की गुणवंत चौथ्या मजल्यावर जायचा, याकूबभाई प्रश्न काढायचे आणि तो टाइप करायचा. तळताना रवा लावावा की तांदळाचं पीठ? सोडे भिजवावेत की भाजावेत? सुरमईचं डोकं पाहुण्याला वाढावं की घरच्याला? आयुष्यात मासळीबाजाराच्या फुटपाथानेही न गेलेला गुणवंत 'माझ्या मते रवा म्हणजे माशाचा अपमान' असं बेधडक लिहू लागला. मस्कतच्या बाईंनी त्याला जाहीरपणे दादा मानलं. याकूबभाई हसता हसता गुडघा धरायचे. ऑपरेशननंतर ते इतके हसलेले कुणी पाहिले नव्हते.

पंधरा दिवसांनी कंपनीने तळमजल्याच्या हॉलमध्ये सर्वांना बोलावलं. दिया नावाची प्लॅनर मुलगी लॅपटॉप घेऊन आली होती. मराठी मंडळी पुढे बसली, झैद आणि त्याची पोरं हातात बॅट घेऊन मागे उभी राहिली. याकूबभाई लिफ्टने खाली आले आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसले. गुणवंत त्यांच्या शेजारी बसला. आज बाकडं मिळणार म्हणून त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"आय मस्ट से, अमेझिंग पार्टिसिपेशन," दिया म्हणाली. "इतना इंगेजमेंट हमारे किसी प्रोजेक्ट पे नहीं आया. हमने सारे कॉमेंट्स ट्रान्सलेट करके सॉफ्टवेअर में डाले. जो शब्द ज्यादा बार आया, वो बडा दिखेगा."

पडद्यावर शब्दांचा एक ढग उमटला. मधोमध, भिंतभर, 'मासा' होता. त्याच्या डाव्या अंगाला सुरमई, उजव्या अंगाला पापलेट, वर नारळ, खाली चिंच. कोपऱ्यात 'कधीच नाही' हे बऱ्यापैकी मोठं होतं. गुणवंत खुर्चीतून उठून पडद्यापाशी गेला, चष्मा कपाळावर चढवला आणि शोधू लागला. बाकडं त्याला सापडलं. ते त्रिफळाच्या खाली होतं, मुंगीएवढं.

"सो, कम्युनिटी ने साफ बता दिया है," दिया म्हणाली आणि तिने पुढचं चित्र लावलं. वाळूच्या तुकड्यावर दोन मजली उंचीची स्टीलची सुरमई शेपटीवर उभी होती. तोंडातून थंड पाण्याचा फवारा उडत होता. भोवती गोल फिरायला रस्ता होता. बसायला कुठेही काही नव्हतं.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात विभावरीने वाजवल्या.

"मॅडम," गुणवंत म्हणाला, "हमको बाकडा मंगता था. बेंच."

दियाने लॅपटॉपमध्ये पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "गुणवंत सर? आप तो हमारे टॉप कंट्रिब्यूटर हैं! रवा इज अ इन्सल्ट टू फिश. ऑफिसमध्ये सगळे तुम्हाला कोट करतात, सर." तिने अमराठी जिभेने जमेल तेवढं मराठी बोलून घेतलं आणि त्याच्या हातात माइक दिला. सोबत माशाचं चित्र असलेला एक मगही दिला.

पुण्याच्या आगाशांच्या घराण्यात आजवर कुणाच्या हाती असा मग आला नव्हता. गुणवंत एका हातात माइक, दुसऱ्या हातात मासा घेऊन उभा राहिला. तोवर मागे दुसरंच पेटलं होतं.

"सुरमई का म्हणून?" हाफिजा उठून म्हणाली. "पापलेट का नाही?"

"पापलेट हॉटेलवाल्यांचं," शहनाझभाभी बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"भाभी, तुम्ही चिंचेवरून बोलता ते ऐकून घेतलं, हे नाही ऐकायची."

"कॅन वी प्लीज डू पॅडल?" झैद मागून म्हणाला. त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. दिया भराभर टाइप करत होती, तिच्या दृष्टीने हा लोकसहभागच होता.

गुणवंतने याकूबभाईंकडे पाहिलं. ते रुमालाने डोळे पुसत होते, हसून हसून पाणी आलं होतं. गुणवंत वाकून कुजबुजला, "हसताय काय? बसायचं कुठे आपण?"

"आता त्या फवाऱ्याखाली भिजायचं," याकूबभाई म्हणाले. "बरं, शुक्रवारी यहया न्यायला येतोय. घर बघून येतो म्हणतो."

गुणवंतचे कान तापले. आपणच पंधरा दिवस फुंकर घालून हा मासा वाढवला हे त्याला कळत होतं. समोर तीन इमारतींची माणसं होती आणि त्यांना बाकड्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना मासा हवा होता. आता मासाच मागायला हवा होता.

"याकूबभाई, एक सांगा," त्याने घाईघाईने विचारलं. "यातला कुठला मासा बसायला बरा?"

याकूबभाई हसायचे थांबले. दाभोळच्या खाडीवर वाढलेला माणूस, त्यांनी प्रश्न गांभीर्याने घेतला. "सुरमई लांब, गोल. घसरशील. पापलेट चपटं. आडवं ठेवलंस तर चार माणसं आरामात."

गुणवंतने माइक तोंडाशी नेला. "पापलेट पाहिजे," तो म्हणाला. "आणि ते उभं नाही, आडवं. माझ्या मांडीएवढ्या उंचीवर. शेपटी मागे वर वळलेली, पाठ टेकायला. दोन्ही बाजूंना पर, उठताना हाताने धरता येतील असे."

"सर, लेकिन व्हाय?" दियाने विचारलं.

कुणी 'का' असं विचारलं की गुणवंतकडे एरवी चार परिच्छेद तयार असत. आज त्याने याकूबभाईंकडे बोट केलं आणि तोंडाला आलं ते बोलला.

"या माणसाला खाली बसायला जागा नाही. कड बुटकी आहे, गुडघा वाकत नाही. म्हणून हा अबुधाबीला चाललाय. हा गेला तर संध्याकाळी सहा वाजता मी कुणाकडे जाऊ? माझं इथे दुसरं कुणी ऐकत नाही. मला मासा कळत नाही, रवा कळत नाही, मी सगळं खोटं लिहिलं. मला फक्त याला बसवायचं आहे."

हाफिजाच्या फोनवर व्हिडिओ कॉलने आलेल्या मस्कतच्या बाईंनीही भांडण सोडलं. विभावरी नवऱ्याकडे बघत राहिली. हे त्याने घरी सांगितलं असतं तर आपण 'हं' म्हणालो असतो, हे तिला तिथल्या तिथे उमगलं आणि तिला वाईट वाटलं.

"मग सुरमई राहू दे," शहनाझभाभी म्हणाल्या. "पापलेट घाला."

हाफिजाने हात वर केला. मग सगळ्यांचे वर आले. झैदनेही बॅट वर केली. दियाने लॅपटॉपमध्ये 'पापलेट' लिहिलं, त्यापुढे 'आडवं' लिहिलं, आणि जरा थांबून त्यापुढे 'बसण्यासाठी' लिहिलं.

रमझान लागायच्या आधी पापलेट तयार झालं. स्टीलचं नको, उन्हात शिजेल, असं याकूबभाईंनी कळवल्यामुळे ते करड्या सिमेंटचं केलं होतं. वर कापडाची सावली होती. पहिल्या संध्याकाळी गुणवंत आणि याकूबभाई खाली आले तर बसायला जागा नव्हती. शेपटीपासून डोक्यापर्यंत बायका बसल्या होत्या आणि कुणीतरी टोमॅटोचा विषय काढला होता.

"उठा गं, याकूबचाचा आले," हाफिजाने सर्वांना उठवलं.

याकूबभाई पर धरून हळूच टेकले. मग पुन्हा उठून पाहिलं, आणि परत बसले. कुणाची बगल लागली नाही. गुणवंत शेजारी बसला आणि त्याने शेपटीला पाठ टेकली.

"यहयाला काय कळवलंत शेवटी?" त्याने विचारलं. हा प्रश्न तो शुक्रवार गेल्यापासून विचारायला घाबरत होता. रोज संध्याकाळी याकूबभाई घरी दिसत, तेवढ्यावरच तो समाधान मानत आला होता.

"नाही म्हणून सांगितलं."

"कधी? घर बघून आल्यावर?"

"छे. तू कोलंबीचं लिहिलंस ना, त्याच रात्री."

"म्हणजे त्या हॉलमध्ये, तुम्ही जाणार नव्हतात? आणि मी तिथे सगळ्यांसमोर..."

"शुक्रवारी नुसतं जेवायला गेलो होतो," याकूबभाई म्हणाले. "आणि तुला आधी सांगितलं असतं, तर तू रोज चौथ्या मजल्यावर आला असतास का? इतकी वर्षं आपण कडेवर बसलो, गुणवंत. माझ्या घरी तू पहिल्यांदाच येऊन बसलास."

गुणवंतला राग आला होता, तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना. तो पापलेटवर नुसता बसून राहिला, आणि सात वाजेपर्यंत याकूबभाईच बोलले.